सेल्फ मारला, गाडी उठली नाही : आधी ऐका, मग पाना धरा

 

आजचा संदेश लांब आहे. निवांत वाचा, मोबाइलमध्ये ठेवून द्या. ज्यांच्या घरी जुना ट्रॅक्टर, जुनी जीप किंवा पिकअप आहे त्यांनी तर ठेवाच. घरात वाचणारं पोरगं असेल तर त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.

पऱ्हे रोवणीला आले आहेत. पंचवीस दिवसांच्या वर गेले की फुटवे कमी होतात हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. बांधीत पाणी आहे तोवर चिखल करून घ्यावा लागतो आणि नेमका याच दिवसांत ट्रॅक्टर उठत नाही. त्यात पर्लकोटेला पूर आला, पुलावरून पाणी गेलं, की आलापल्लीचा मिस्त्री तिकडे आणि आपण इकडे. 2019 च्या पावसाळ्यात तर पाणी भामरागडच्या बाजारपेठेत शिरलं होतं. अशा वेळी गाडी बंद पडली तर रोवणा तर थांबतोच, गावातला आजारी माणूस दवाखान्यात न्यायलाही साधन राहत नाही. म्हणून निदान पहिली तपासणी आपली आपल्याला आली पाहिजे.

मागच्या हप्त्यात सकाळी सहाला एका सभासदाचा फोन आला.

"दादा, ट्रॅक्टर चालू नाही होऊन राहिला. बॅटरी गेली वाटते. नवीन आणा लागते का?"

"थांबा भाऊ. सेल्फ मारल्यावर आवाज काय येऊन राहिला?"

"टक करते अन् गप बसते."

"आता हेडलाइट लावा आणि लाइट चालू ठेवूनच सेल्फ मारा. लाइटचं काय होते ते सांगा."

"लाइट एकदम विझून जाते जी."

"आता चाबी बंद करा. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला हात लावून पाहा. कोणतं गरम लागते?"

"मायनसवालं गरम आहे. चांगलंच गरम."

नवीन बॅटरी आणावी लागली नाही. टर्मिनल खोललं, घासलं, कसलं. दहा मिनिटांत ट्रॅक्टर बांधीत गेला. या फोनवर विचारलेले प्रश्न म्हणजेच आजचा धडा. गाडी उठत नाही तेव्हा पहिलं काम कानाचं आहे. सेल्फ इंजिन फिरवते की नाही, एवढंच आधी ठरवा. फिरवत नसेल तर बिघाड करंटच्या बाजूला शोधायचा. जोरात फिरवते पण इंजिन पकडत नाही, तर डिझेलच्या बाजूला. ही दोन घरं वेगळी आहेत. करंटचा बिघाड असताना डिझेल पंप खोलणारे आणि डिझेल संपलं असताना बॅटरी बदलणारे, दोन्ही प्रकारचे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यात आम्हीही आहोत, ते पुढे सांगतो.

काही खोलायच्या आधी गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, चाकाखाली दगड द्या. पीटीओ बंद करा.

आता करंटची बाजू. बरेच लोक म्हणतात, "लाइट लागते, हॉर्न वाजते, म्हणजे बॅटरी चांगली आहे." इथंच फसगत होते. एक हेडलाइट साधारण पाच अँपिअर करंट खाते. ट्रॅक्टरचा सेल्फ दोनशे अँपिअरच्या वर खातो, इंजिन थंड असेल तर आणखी जास्त. पाइपात गाळ साचला तर पिण्यापुरतं पाणी येते पण बांधी भरत नाही, तसं आहे हे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार चढला की पाच अँपिअर त्यातून निघून जाते, दोनशे अडते. जोड खराब असला आणि त्याचा अडथळा एका ओहमचा शंभरावा भाग जरी असला, तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट तिथंच खर्च होतात. अडलेला करंट उष्णता होऊन बाहेर पडतो, म्हणून ते टर्मिनल गरम लागते. फोनवर गरम-थंड विचारलं ते यासाठी.

लाइट लावून सेल्फ मारण्याची परीक्षा फुकटची आहे आणि बरंच सांगून जाते. लाइट पूर्ण विझली किंवा अगदी मंद झाली, तर बॅटरी उतरलेली आहे नाहीतर जोड खराब आहे. लाइट जशीच्या तशी राहिली आणि सेल्फकडून काहीच आवाज नाही, तर करंट सेल्फच्या स्विचपर्यंत पोचतच नाही. मग चाबीचं स्विच, फ्यूज, बारीक वायर आणि क्लच किंवा गिअरजवळचं सेफ्टी स्विच पाहा. अनेक ट्रॅक्टर क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, आणि क्लच पेडलखाली चिखल दाटला की पेडल पूर्ण जात नाही. हसू येईल, पण रोवणीच्या दिवसांत हेच कारण असते. पावसाळ्यात उंदीरही कोरडी जागा म्हणून बोनेटखाली येतात, वायर कुरतडतात. लाइट चांगली राहिली आणि फक्त टक आवाज आला, तर सेल्फच्या स्विचचे आतले काँटॅक्ट जळले असतील किंवा सेल्फचे कार्बन झिजले असतील. ते काम मिस्त्रीचं.

टर्मिनल साफ करायची रीत सगळ्यांना माहीत आहे असं वाटते, तरी सांगतो, कारण अर्धे लोक वरून पाणी मारून मोकळे होतात. खार वरून दिसतो तो वेगळा, अडवणारा थर आत असतो, खांब आणि क्लँपच्या मधे. आधी मायनसची तार काढा, मग प्लसची. लावताना उलट, प्लस आधी, मायनस शेवटी. का, तर पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. मात्र फार जुन्या काही ट्रॅक्टरात प्लसची तार बॉडीला दिलेली असते. तुमचा तसा असेल तर बॉडीला गेलेली तार आधी काढायची आणि शेवटी लावायची, एवढं लक्षात ठेवा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून खार धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. खांब आणि क्लँप आतून पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. घट्ट कसा. वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा, आधी नाही.

आणि दुसरं टोक विसरू नका. आमची फजिती तिथंच झाली. कंपनीचा जुना ट्रॅक्टर दोन वर्षांपूर्वी असाच टक-टक करून राहिला होता. आम्ही टर्मिनल घासले, फरक नाही. दुकानात गेलो, तिथं सांगितलं बॅटरी बाद आहे, सात हजारांची नवीन घेतली. पहिल्या दिवशी उठला. चौथ्या दिवशी परत टक. मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हर काकांनी खाली वाकून पाहिलं. बॅटरीची मायनसची पट्टी चेसिसला जिथं बोल्टने लावली आहे, तिथं गंज आणि चिखलाचा थर होता. बोल्ट हातानं फिरत होता. काकांनी तो काढला, लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, बसवलं. जुनी बॅटरी चार्ज करून परत लावली आणि ती पुढं दीड वर्ष चालली. सात हजार आमचे गेले ते गेलेच, सभासदांच्या पैशाचे होते म्हणून वार्षिक सभेत सांगावंही लागलं.

मल्टिमीटर असेल तर हे अंदाजावर सोडायचं कारण नाही. साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळते. डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवत असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली पडत असेल तर बॅटरी कमजोर किंवा चार्ज नाही. आता काकांचा बिघाड पकडायची युक्ती: मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या कोऱ्या लोखंडावर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. हा प्रयोग आम्हाला आधी माहीत असता तर सात हजार वाचले असते.

गाडी चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 दिसायला पाहिजे. तेवढं दिसत नसेल तर डायनामो चार्ज करत नाही किंवा त्याचा पट्टा ढिला आहे. मग नवीन बॅटरीही चार दिवसांत उतरते. बॅटरीत पाणी टाकायचं तर डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचं, बोअरचं, नळाचं नाही. ॲसिड तर घरी टाकूच नका. आणि बॅटरीजवळ बिडी-माचिस नको, चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू भडकतो.

आता एक गोष्ट कडकपणे सांगतो. सेल्फच्या दोन बोल्टवर स्क्रू ड्रायव्हर ठेवून ट्रॅक्टर उठवायची सवय आपल्याकडे फार आहे. बंद करा. असं केल्यावर चाबी आणि क्लचचं सेफ्टी स्विच दोन्ही बाजूला पडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन उठल्याबरोबर चालायला लागतो, आणि उठवणारा माणूस कुठं उभा असतो? मोठ्या चाकाच्या पुढं. पळायला वेळ मिळत नाही. सीटवर बसूनच उठवायचा. सीटवरून उठत नसेल तर तो दुरुस्त करायचा, एवढंच.

दुसऱ्या गाडीची बॅटरी लावायची वेळ आली तर लाल वायर प्लसला प्लस. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडाली तरी ती वायूजवळ उडत नाही. दोन्ही गाड्या 12 व्होल्टच्या आहेत का ते आधी पाहा.

आता दुसरं घर. सेल्फ खणखणीत फिरते, इंजिन पकडत नाही. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखी ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पंधरा-वीस पट दाबली की ती एवढी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे त्याला जोरात फिरणं पाहिजे, हवा पाहिजे आणि डिझेल पाहिजे. चौथं काही नाही.

धुराड्याकडं पाहा. सेल्फ मारताना धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाही. पांढरा धूर येतो पण पकडत नाही, तर डिझेल जाते पण जळत नाही: इंजिन थंड आहे, सेल्फ हळू फिरते, हीटर काम करत नाही किंवा कॉम्प्रेशन गेलं आहे. उठल्यावर काळा धूर ओकत असेल तर एअर क्लीनर पाहा. ऑइलवाल्या एअर क्लीनरची वाटी वर्षानुवर्षे कोणी खोलत नाही, आणि बंद गाडीच्या पाइपात कुंभारमाशी मातीचं घर करून ठेवते.

धूर नसेल तर आधी बिनपैशाच्या गोष्टी. स्टॉपचा खटका पूर्ण आत गेला का? त्याची तार गंजून अडकली की खटका आत दिसतो पण पंपावरची दांडी बंदच राहते. पंपाजवळ जाऊन दांडी हातानं हलवून पाहा. टाकीचा कॉक उघडा आहे का? टाकीत काडी घालून डिझेल पाहा, काट्यावर भरवसा नको. ट्रॅक्टर उठतो, दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि बंद पडतो, थोड्या वेळानं परत उठतो, असं असेल तर टाकीचं झाकण ढिलं करा. सुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. काडीनं मोकळं करा, झालं काम.

डिझेल पूर्ण संपवून नंतर भरलं किंवा फिल्टर बदलला, की लाइनमध्ये हवा शिरते. हवा दबते, त्यामुळं पंप कितीही मारला तरी नोझल उघडण्याएवढा दाब होत नाही. हवा काढल्याशिवाय सेल्फ मारत बसलात तर फक्त बॅटरी उतरेल. टाकी भरा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे ढिला करा आणि फीड पंपाची हातदांडी मारत राहा. आधी बुडबुडे आणि फेस येईल. नुसतं डिझेल यायला लागलं की दांडी मारता मारताच स्क्रू कसा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडून सुरू करून दुसऱ्यावर या. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूला तसंच करा. तरी उठत नसेल तर दोन नोझलच्या पाइपचे नट, बहुतेक 17 किंवा 19 चा पाना लागतो, एक-एक फेरा ढिले करा, एक्सलेटर पूर्ण देऊन सेल्फ मारा. नटाजवळ डिझेल झिरपायला लागलं की कसा. हातदांडी मारून दाबच लागत नसेल तर इंजिन थोडं फिरवून परत मारा, पंपाचा कॅम वर आलेला असतो. रोज सकाळीच हवा घेत असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंत कुठंतरी वॉशर किंवा पाइप हवा ओढतो, तो शोधा.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मधे एक-दोन मिनिटं थांबा. नाहीतर डिझेलच्या दुरुस्तीत सेल्फ जळतो.

नोझलच्या पाइपातून किंवा नोझलमधून उडणाऱ्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो. सुई टोचल्याएवढं छिद्र दिसते, पहिल्या तासात फार दुखतही नाही, आणि मग हात काळा पडायला लागतो. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. लगेच भामरागडचं ग्रामीण रुग्णालय किंवा हेमलकशाचा लोक बिरादरीचा दवाखाना, जो जवळ आणि पुलाच्या ज्या बाजूला तुम्ही आहात तो. "डिझेल आत गेलं" हे स्पष्ट सांगा.

डिझेल कॅनमध्ये आणून ठेवावं लागते, त्यामुळं त्यात पाणी फार येते. पाणी जड, खाली बसते. कॅन रात्रभर हलवू नका, वरचं डिझेल फडक्यातून गाळून घ्या, खालचं दोन बोटं सोडून द्या. फिल्टरच्या खालच्या नटातून हप्त्याला एकदा थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा. पाणी खाली वेगळं दिसेल. गाडी उभी करताना टाकी भरलेली ठेवली तर आत ओल धरायला जागा राहत नाही.

जीपवाल्यांसाठी थोडं. जुन्या महिंद्रा जीपला प्युजो इंजिन असेल तर तिला हीटर प्लग आहेत. थंडीत सकाळी हीटर दिल्याशिवाय ती उठणार नाही, पांढरा धूर सोडत राहील. डीआय इंजिनच्या जीपला हीटर नसतात, तिथं शोधत बसू नका. एअर क्लीनरजवळ पेटता बोळा धरून गाडी उठवणं धोक्याचं आहे. स्टार्टिंग स्प्रे हीटरवाल्या गाडीत तर बिलकुल नको, आत तापलेल्या प्लगवर तो भडकतो. धक्का द्यायचा तर चाबी चालू, दुसरा गिअर, पहिला नाही. उतारावर लावायची सवय चांगली, पण तिच्या भरवशावर कमजोर बॅटरी वर्षभर ओढणारे लोक पुरात सपाट जागेवर अडकतात.

शेवटचं आणि सगळ्यात महाग. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल, पाणी एअर क्लीनरपर्यंत गेलं असेल, तर पाणी उतरल्यावर सेल्फ मारू नका. एकदा पण नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी असताना सेल्फनं पिस्टन वर ढकलला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन पूर्ण खोलावं लागते. आधी बॅटरीची तार काढा. डिपस्टिक काढून पाहा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. एअर क्लीनर आणि पाइप खोलून पाणी काढा. नोझल किंवा हीटर प्लग काढून इंजिन हातानं, फॅन-पुलीवरून फिरवा, पाणी त्या छिद्रांतून बाहेर येईल. तोंड त्या छिद्रांसमोर नको. इंजिन ऑइल, फिल्टर, टाकीतलं डिझेल सगळं बदला. गिअर आणि डिफरन्शिअलचं ऑइलही पाहा. नोझल काढायचं काम स्वतःला जमत नसेल तर गाडी तशीच ठेवा आणि मिस्त्रीची वाट पाहा. चार दिवस उभी राहिलेली गाडी दुरुस्त होते, वाकलेला रॉड बदलावाच लागतो.

गाडीत 10 ते 19 चे पाने, पॉलिश पेपर, स्क्रू ड्रायव्हर, फ्यूज, दोन-चार तांब्याचे वॉशर, एक जास्तीचा डिझेल फिल्टर आणि जाड जंपर वायर ठेवा. बारीक वायरची जोडी स्वस्त मिळते, ती सेल्फचा करंट ओढत नाही, वितळते.

ऑफिसात मल्टिमीटर आणि बॅटरी तपासायचा हायड्रोमीटर ठेवला आहे. बॅटरी घेऊन या, पैसे लागत नाहीत. फोन करायचा असेल तर तीन गोष्टी पाहून करा: सेल्फ मारल्यावर आवाज कसा, लाइटचं काय झालं, धूर कोणता. गाडीजवळ उभं राहूनच फोन लावा.